बाईंचा गुडघा आणि क्लचची वायर

(शाळेच्या माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात १९९५च्या दहावीच्या तुकडीतर्फे केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी तीन आठवड्यांपूर्वी फोन केला तेव्हा विषय ठरवूनच केला होता. "तू सॉफ्टवेअरमधली, तर तू एआयवर बोल. वीस मिनिटं." मी हो म्हटलं, स्लाइड्सही केल्या. पण गेल्या रविवारी त्या चाळताना लक्षात आलं, की या हॉलमधल्या निम्म्या लोकांची मुलं हे सगळं माझ्यापेक्षा बरं समजावून सांगतील. आणि गेल्या वर्षभरात मी खरोखर काही शिकले असेन, तर ते ऑफिसात नाही. ते चिपळूणला आमच्या अंगणात, एका पांढऱ्या मारुती ८००च्या पेडलखाली उताणी पडून शिकले. तेव्हा आज मी क्लचच्या वायरबद्दल बोलणार आहे. ज्यांना एआय हवं होतं त्यांनी चहाच्या वेळी मला गाठावं.

गाडी तुम्हाला माहीत आहे. १९८९चं मॉडेल, आमच्याकडे ती १९९२ साली सेकंडहँड आली. आपण तेव्हा आठवीत होतो. फाटकातून आत आली की आंब्याखाली उभी राहायची आणि वर्गाच्या खिडकीतून दिसायची. ती दिसली की आपल्या वर्गात गृहपाठाच्या वह्यांची एकदम देवाणघेवाण सुरू व्हायची. गाडीतून गणिताच्या बाई उतरायच्या. उजव्या दारातून उतरायच्या, याचंही तेव्हा अप्रूप होतं. गाडी चालवणारी बाई गावात दुसरी होती का, मला आठवत नाही. माझे बाबा शेजारच्या सीटवर मांडीवर पिशवी घेऊन बसायचे. त्यांना शेवटपर्यंत गाडी आली नाही आणि त्याचं त्यांना कधी काही वाटलं नाही.

बाई म्हणजे माझी आई. शाळेत तिला बाई म्हणायचं आणि घरी आई, असा आमचा करार होता. एकदा जेवताना मी "बाई, आमटी वाढा" म्हणाले होते, ते ती अजून सगळ्यांना सांगते. आजही समोर बसली आहे, तेव्हा मी कधी 'ती' म्हणेन, कधी 'त्या'. सांभाळून घ्या.

मारुती ८०० हिंदुस्थानात पहिल्यांदा ग्राहकाच्या हातात पडली ती १९८३च्या डिसेंबरात. २०१४च्या सुरुवातीला ती बनणं थांबलं. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, आमच्या मॉडेलला चार गिअर. सरकारी नियमाप्रमाणे व्हिंटेज म्हणवून घ्यायला गाडीला वयाची पन्नाशी ओलांडावी लागते. आमची अजून लहान आहे, आपल्यापेक्षाही. पण रस्त्यात उभी केली की आता लोक फोटो काढतात.

गेल्या वर्षी गणपतीला मी आले, तेव्हा गाडीची किल्ली खुंटीवर होती आणि किल्लीवर धूळ होती. आईच्या किल्लीवर धूळ मी कधी बघितली नव्हती. विचारलं तर म्हणाली, "आता गुडघा साथ देत नाही गं." मग हळूहळू कळलं. पंधरा दिवसांपूर्वी बहादूरशेख नाक्यावर गाडी तीन वेळा बंद पडली होती. क्लच पूर्ण दाबता येईना, दाबला तर हळू सोडता येईना. मागे ट्रकवाले हॉर्न देतायत. शेवटी कुणा मुलाने उतरून गाडी बाजूला लावून दिली. मुलगा चांगला होता. तो म्हणाला, "आजी, या वयात कशाला?" आईने घरी येऊन किल्ली खुंटीला लावली.

मी काय केलं असेल? मी विश्वास ठेवला. वय ७२, गुडघ्याचा एक्स-रे आधीच काढलेला, डॉक्टरांनी झीज आहे म्हणून सांगितलेलं. सगळं जुळत होतं. मी तिला समजावलं, की रिक्षा आहेत, मी दर महिन्याला पैसे पाठवीन, हिशोब करू नकोस. ती बरं म्हणाली. पण गुरुवारी ती वाचनालयात गेली नाही. लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात जाऊन पुस्तक बदलणं हा तिचा वर्षानुवर्षांचा नेम. विचारलं तर म्हणाली, "रिक्षाला थांब कसं सांगायचं? पुस्तक निवडायला वेळ लागतो."

मी गाडी विकायचं बघायला लागले. खरं सांगते, भंगारवाल्याचा नंबरही फोनमध्ये घेतला होता.

दिवाळीला परत आले. अंगणातल्या माडाचे नारळ पाडायला माणूस आला होता आणि गाडी बरोबर माडाखाली होती. ती बाजूला घ्यायला मी बसले. क्लच जड लागला. पण मी आठ वर्षं ऑटोमॅटिक गाडी चालवते. माझ्या डाव्या पायाला मापच उरलेलं नाही. जुन्या गाड्या अशाच असणार, असं म्हणून गाडी चार हात पुढे घेतली, बंद केली आणि क्लचवरून पाय एकदम उचलला.

पेडल माझ्या पायाबरोबर वर आलं नाही. एखादं माणूस दमून खुर्चीतून उठतं ना, तसं हळूहळू आलं.

मी परत दाबलं, सोडलं. परत तेच. तिथे मी काही वेळ नुसती बसून राहिले. नारळवाला वरून ओरडत होता, "ताई, बाजूला व्हा!" पेडल दाबायला गुडघा लागतो, हे ठीक. पण पेडल वर यायला गुडघा लागत नाही. ते स्प्रिंगच्या जोराने आपोआप वर यायला पाहिजे. ते जर वर येताना अडत असेल, तर बिघाड आईच्या पायाच्या पलीकडे कुठेतरी आहे.

एका गॅरेजला फोन केला. त्यांनी फोनवरच निदान केलं, क्लचचा पूर्ण सेट बदलावा लागेल. तसंही असू शकतं. क्लच प्लेट झिजली की पेडल जड होतं, रिलीज बेअरिंग कोरडं पडलं तरी होतं. पण त्यासाठी गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो आणि त्याआधी करून बघायची एक फुकटची गोष्ट आहे. पेडलपासून निघून इंजिनकडच्या पत्र्याला असलेल्या भोकातून एक वायर गिअरबॉक्सवरच्या आर्मपर्यंत जाते. आर्मकडचं टोक सोडवायचं. मग पेडल हाताने दाबून बघायचं. वायर सोडल्यावर पेडल लोण्यासारखं गेलं तर दोष पुढे क्लचमध्ये. वायर मोकळी असूनही पेडल अडलं तर दोष वायरीत. टोकाला आटे असतात आणि त्यावर नट. नट गंजला होता, त्याला तेल घालून चहा प्यायला गेलो. अर्ध्या तासाने तो सुटला.

पेडल अडत होतं. करकर आवाजासह.

इथे दोन मिनिटं वायरीबद्दल बोलते, कारण ही वस्तू आपण सगळ्यांनी आयुष्यभर वापरली आहे. सायकलच्या ब्रेकची वायर तीच. बाहेर कव्हर, आत पीळ दिलेली पोलादी तार. कव्हर जागच्या जागी धरून ठेवायचं आणि आतली तार ओढायची. मग ओढ कुठल्याही वळणावरून नेता येते, सरळ रेषेची गरज नाही. इंग्रजीत तिला बोडेन केबल म्हणतात. अर्नेस्ट बोडेन नावाच्या माणसाने १८९६ साली तिचं पेटंट घेतलं. रॅले सायकलवाले फ्रँक बोडेन वेगळे, पण आडनावामुळे श्रेय बऱ्याचदा त्यांना जातं. कव्हर म्हणजे नुसती प्लॅस्टिकची नळी नसते. आत स्प्रिंगसारखी गुंडाळलेली पोलादी पट्टी असते आणि नव्या वायरींत तिच्याही आत एक गुळगुळीत प्लॅस्टिकचं अस्तर असतं, म्हणजे तार पोलादावर घासत नाही. हे अस्तर लक्षात ठेवा.

मी वायर पूर्ण काढली. पेडलकडचं टोक एका आकड्यात अडकवलेलं असतं. ते काढायला ड्रायव्हरच्या सीटवर पाय आणि पेडलखाली डोकं, अशा अवस्थेत मी वीस मिनिटं होते. आई शेजारी टॉर्च धरून उभी. "वायर ओढू नकोस, आकडा उचल" असं तिने तीनदा सांगितलं आणि तीनदा मी ओढली.

जुनी वायर अंगणात सरळ पसरली आणि आतली तार चिमटीत धरून ओढली. वाळूतून ओढल्यासारखी. मग मी सायकलवाल्याचा जुना उपाय केला. वायर खिडकीच्या गजाला उभी टांगली. वरच्या टोकाला दुधाच्या पिशवीचा कोपरा दोऱ्याने घट्ट बांधला आणि त्यात शिलाई मशीनचं तेल भरलं. ग्रीस घालायचं नाही. ग्रीस आत जात नाही, तोंडाशी बसतं आणि धूळ गोळा करतं. पातळ तेल रात्रभर झिरपू द्यायचं. सकाळी खाली ठेवलेल्या वर्तमानपत्रावर थेंब पडले होते. चहाच्या रंगाचे, तांबूस. तो गंज होता. चिपळूणच्या पावसात ३५ वर्षं काढलेल्या गाडीत गंज नवीन नाही, पण तो वायरीच्या आत दिसला म्हणजे आतलं अस्तर कुठेतरी गेलं होतं.

तेलाने वायर बरीच सुटली. मी खूश. आईने चष्मा लावून टोकापाशी बघितलं आणि तारेचे दोन पदर तुटलेले दाखवले. बारीक केसासारखे बाहेर आले होते. पदर तुटलेली क्लचची वायर तेल घालून परत लावायची नसते. ती नाक्यावर तुटते. ठरलं, नवी आणायची. मारुती ८००ची वायर आजही मिळते, हे या गाडीचं मोठं सुख आहे. बाजारात गेले आणि अर्ध्या तासात घेऊन आले.

नवी बसवली. बसवताना पेडलला थोडी मोकळी चाल ठेवायची असते, ज्याला मेकॅनिक फ्री प्ले म्हणतात. नट फार आवळला तर क्लच कायम अर्धवट दाबलेला राहतो, घसरतो आणि बेअरिंग उगाच फिरत राहतं. सैल ठेवला तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर टाकताना खर्रकन आवाज येतो. दोन-तीनदा कमीजास्त करून ते जमलं.

मी बसले, दाबलं, छान! आईला म्हटलं, बस. ती बसली. दाबलं, सोडलं, परत दाबलं. मग म्हणाली, "बरं आहे. पण पूर्वीसारखं नाही."

तुम्हाला हा आवाज आठवतो का? उत्तरपत्रिका परत देताना, "बरं आहे, पण..." म्हणायचा?

मी म्हटलं, आई, वायर नवी कोरी आहे, आता उरलं ते वय. हे वाक्य मी बोलले आहे. इथे कबूल करते, कारण पुढचं सांगायला ते लागणार आहे. आई चिडली नाही. म्हणाली, "तुला वाटतं आणि मला वाटतं, यातून काय निघणार? मोज."

विमानात जाताना बॅगा तोलायचा हुकवाला काटा असतो, तो मी घरी ठेवते. तो पेडलला अडकवला आणि हळू खाली दाबत नेलं. अकरा किलो. (विज्ञानाच्या सरांनी माफ करावं, बल न्यूटनमध्ये सांगायचं असतं, पण काट्यावर किलोच लिहिलेत.) मग जुनी वायर, तेल घातलेली, तात्पुरती परत लावून मोजलं असतं तर कमी आलं असतं. तेलाआधीचा आकडा योगायोगाने माझ्याकडे होता. वायर सोडवण्याआधी मी गंमत म्हणून काटा लावला होता आणि साडेएकोणीस आलं होतं. साडेएकोणीसवरून अकरा. मी विजयी मुद्रेने आईकडे बघितलं. बाईंनी विचारलं, "आणि दुसऱ्या गाडीचा किती येतो?"

दुसरी मारुती ८०० कुठून आणणार? तेव्हा आपला एक वर्गमित्र आठवला. नाव सांगत नाही. हात वर करू नकोस, बस खाली. शेवटच्या बाकावर बसायचा आणि बाईंच्या तासाला कायम पोटात दुखायचं. त्याचं आता स्वतःचं गॅरेज आहे आणि ते चांगलं चालतं. त्याच्याकडे एक ८०० दुरुस्तीला आलेली होती, आमच्याहून दहा वर्षं नवी, पण क्लच तोच. काटा घेऊन गेले. नऊ किलो.

दोन किलो म्हणजे काय एवढं? तो म्हणाला, "एवढा फरक चालतो गं." मी आईचं वाक्य सांगितलं. तो एकदम उभा राहिला आणि म्हणाला, "बाईंनी सांगितलंय? मग मी येऊन बघतो." तीस वर्षं झाली दहावीला!

तो आला. आईने "ये रे, बस" म्हटलं तरी बसला नाही. बॉनेट उघडलं, वायरीवरून नुसता हात फिरवत नेला आणि मधेच थांबला. "ही पट्टी कोणी बांधली?"

निळी प्लॅस्टिकची पट्टी. झिप टाय.

आता थोडं मागे जावं लागेल. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये मी चार-पाच महिने इथे होते, इथूनच काम करायचे. आमच्या धंद्यात सर्व्हर रूममधल्या केबल्स नीट बांधणं याला फार मान आहे. कुठलीही केबल लोंबकळायला नको, सगळ्या एका रेषेत, पट्ट्यांनी बांधलेल्या. एका दुपारी वेळ जात नव्हता म्हणून मी आईच्या गाडीचं बॉनेट उघडलं. आत सगळं कसंही लोंबकळतंय. निळ्या पट्ट्यांचं पाकीट माझ्याकडे होतं. मी सगळं आवरलं. हॉर्नच्या वायरी, दिव्यांच्या वायरी आणि हो, ही एक जाडी काळी केबलही, जी उगाचच मोठा वळसा घेऊन चालली होती. ती मी ओढून बाकीच्यांशी बांधली. फोटोसुद्धा काढला होता. आई म्हणाली होती, "छान दिसतंय."

तो वळसा उगाच नव्हता. क्लचची वायर मोठ्या, सैल वळणाने नेतात, कारण तिचं सगळं काम वळणावर अवलंबून असतं. माझ्या पट्टीमुळे ती एकदा उजवीकडे मुडपली आणि लगेच परत डावीकडे. साधारण साठ-साठ अंश. मला वाटलं असतं, उजवीकडे गेली आणि डावीकडे आली, हिशोब मिटला. पण घर्षण उजवं-डावं बघत नाही. वळणं वजा होत नाहीत, त्यांची बेरीजच होते.

आणि नुसती बेरीज असती तरी परवडलं असतं. बाईंनी आपल्याला चक्रवाढ व्याज शिकवलं, तेच इथे आहे. वळणाच्या प्रत्येक दहा अंशांमागे घर्षण आपला टक्का घेतं आणि तो आधी वाढलेल्या रकमेवर घेतं. चांगल्या अस्तराच्या नव्या वायरीत हा दर धरा पावणेदोन टक्के. कोरड्या, गंजक्या वायरीत धरा चार टक्के. नीट बसवलेल्या वायरीत एकूण वळण सुमारे १५० अंश, म्हणजे पंधरा हप्ते. माझ्या पट्टीने त्यात १२० अंश घातले, म्हणजे झाले सत्तावीस. मूळ ओढ सात किलो धरली तर नवी वायर, सरळ वाट, पंधरा हप्ते, नऊ किलो. नवी वायर, माझी वाट, सत्तावीस हप्ते, अकरा. जुनी गंजकी वायर, माझी वाट, जवळपास वीस. काटा आणि वही जुळली. अर्थात मूळ ओढ, अंश आणि दर हे सगळे आकडे मी उत्तराकडे बघून निवडले, हेही कबूल. बाई समोर आहेत, उत्तर पाहून पायऱ्या लिहिलेल्या त्यांना लगेच कळतात. पण वाढ चक्रवाढीने होते, हे मात्र खरं. बंदरावर खुंट्याला दोराचे दोन-तीन वेढे दिले की एकटा माणूस होडी धरून ठेवतो, तेही याच हिशोबावर.

जुनी वायर आम्ही मग त्या जागी कापून बघितली. पट्टी जिथे होती, बरोबर तिथेच आतल्या तारेने प्लॅस्टिकचं अस्तर कापत नेलं होतं. दोऱ्याने साबणाची वडी कापावी तसं, खोल चीर. तिथून पुढे पोलादावर पोलाद, पाणी आत, गंज. हे एका दिवसात झालं नाही. २०२१च्या जुलैत, २२ तारखेच्या पुराच्या रात्री, आईने हीच गाडी अंधारात, पाण्याच्या पुढे राहून वरच्या आळीला नेऊन लावली होती. तेव्हा क्लच चालत होता. इथल्या लोकांना त्या रात्रीचं वेगळं सांगायला नको. त्यानंतर तीन वर्षं तो रोज थोडा थोडा जड होत गेला. इतका थोडा, की आज कालच्यापेक्षा जड आहे असं एकाही दिवशी वाटलं नसणार. रोज तीच गाडी, तोच पाय. बदलतंय म्हणजे पायच बदलत असणार, असं तिने धरलं. मुलीने धरलं. डॉक्टरांच्या एक्स-रेने दुजोरा दिला. नाक्यावरच्या मुलानेही.

आपल्या मित्राने पक्कड काढली आणि कट् करून पट्टी तोडली. वायर स्वतःहून उसळून आपल्या जुन्या वळणावर गेली. त्याने तिला मूळ जागी एका क्लिपने धरून ठेवलं. ती क्लिप मी २०२० साली काढून टाकली होती, अडगळ म्हणून. त्याने खिशातून दुसरी काढली. काटा लावला. नऊ किलो आणि वर थोडंसं.

मग आई बसली. एकदा दाबलं. सोडलं. पेडल टप्पकन वर आलं. तिने काही म्हटलं नाही. गाडी चालू केली, रिव्हर्स टाकला आणि फाटकातून बाहेर काढली. आमचा मित्र आणि मी अंगणात हातात पाने घेऊन उभे. "कुठे चालल्या बाई?" मी म्हटलं, आज गुरुवार आहे.

ती दीड तासाने आली. तोवर तो थांबला होता. मी दोनदा चहा केला. पुस्तक हातात होतं. तिने त्याला मजुरी विचारली. तो नको म्हणाला. "मग तुझं गॅरेज कसं चालतं?" असं विचारून तिने त्याच्या वरच्या खिशात पैसे कोंबले आणि क्लिपचे वेगळे दिले.

रात्री मी तिला म्हटलं, आई, ते मी केलं होतं. ती म्हणाली, "माहीत आहे. त्याने पट्टी विचारली तेव्हा तुझं तोंड बघितलं मी." आणि मग बऱ्याच वेळाने, दिवा मालवताना, "मला वाटलं होतं, मी म्हातारी झाले." याला मी काय उत्तर देणार होते? गुडघा अजून दुखतो, हेही सांगते. जिने चढताना दुखतो, थंडीत जास्त दुखतो, एक्स-रे खोटा नव्हता. पण नऊ किलोंपुरता तो पुष्कळ आहे.

निळ्या पट्ट्यांचं उरलेलं पाकीट तिने माझ्याकडून काढून घेतलं. परसातला दोडक्याचा वेल आता त्यांनी बांधलेला आहे. वेल वळला तर चालतो, म्हणाली.

आता एक सूचना, ही संयोजकांनी सांगितली नाही. बाई आज स्वतः गाडी घेऊन आल्या आहेत. बाहेर आंब्याखाली, जुन्या जागेवर उभी आहे. तिच्या मागे कोणीतरी ग्रे रंगाची ॲक्टिव्हा आडवी लावली आहे. ज्यांची असेल त्यांनी चहाच्या आधी काढावी, कारण त्यांना अंधार पडायच्या आत निघायचंय.